धवलारणीचा गुडघा

आमच्या फिजिओच्या खोलीत येणारा प्रत्येक पेशंट आधी दुखणं सांगतो. ही बाई आधी स्वप्न सांगायची.

दारातच सुरू व्हायची. काठी भिंतीला टेकवायची, डाव्या पायातला पट्ट्यांचा ब्रेस सांभाळत एक खांदा चौकटीला लावायची आणि म्हणायची, "आगो बाय, काल सपनात मी मांडी घालून बसले. पाटावर बसतात ना, तशी. टाच पार मांडीखाली."

"बरं. आणि आज जागेपणी?"

"ते तू बग. जागेपनीचं काम तुजं हाय."

मग ती टेबलावर आडवी व्हायची आणि मी तिचा पाय हातात घ्यायचे. जो गुडघा स्वप्नात पूर्ण मिटला होता, तो सकाळी माझ्या हातात गंजलेल्या कडीसारखा अडून बसायचा. मी कोन मोजायची प्लॅस्टिकची पट्टी लावायचे. त्या पट्टीला ती "तुजी कैची" म्हणायची. कैची काय म्हणते ते नीट ऐकून घ्यायची आणि तिळमात्र नाराज व्हायची नाही. तिचं म्हणणं असं, की स्वप्न पुढे चालतं आणि अंग मागून येतं. "वरातीत वाजंत्री पुढं असतात, नवरा मागून येतो. वाजंत्री आयले म्हंजे नवरा येतोच. उशीर व्हईल, बास."

मी तेव्हा नुकतीच शिकून बाहेर पडले होते आणि नवीन पनवेलच्या एका हॉस्पिटलात लागले होते. मला वाजंत्री-नवरा असल्या गोष्टींचा राग यायचा. कोन वाढला की वाढला, नाही तर नाही, त्यात स्वप्नाचा काय संबंध? पण महिनाभरातच असं झालं, की ती यायच्या आधी मी खुर्ची ओढून बसलेली असायचे आणि ती आली की पहिला प्रश्न मीच विचारायचे, "काय दिसलं?"

ती पनवेलहून उरणकडे जाताना लागणाऱ्या एका गावची. माहेर मिठागरवाल्यांचं, सासरही मिठागरवाल्यांचं. मिठागरं गेली, जमिनी गेल्या, तिथे कंटेनरचे ढीग उभे राहिले आणि गावात तीन-तीन मजली बंगले आले. तिच्याही मुलाचा एक होता, बाहेरून गुलाबी. नवरा केव्हाच वारला होता. घरात मुलगा, सून आणि ती. आणि ती धवलारीण होती.

आमच्यासारख्या शहरी माणसांना हे सांगावं लागतं. आगरी लग्नात भटजी असो वा नसो, धवलारीण लागते. मांडव उभा राहताना, हळद लागताना, प्रत्येक विधीला ती जमिनीवर बसून धवले गाते. एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावते. तिनं बोलावल्याशिवाय देव येत नाहीत, आणि देव आले नाहीत तर, तिच्या भाषेत, "ते लगीन नाय, जेवान." तिच्या गावात आणि आसपास धवले पहिल्यापासून शेवटपर्यंत येणारी ती एकटीच उरली होती आणि ही गोष्ट तिला पुरेपूर ठाऊक होती. गर्व होता का? भरपूर होता. वॉर्डातल्या नर्सना ती विचारायची, "तुजं लगीन कोनी गायलं?" कोणीच गायलं नाही असं कळलं की त्या नर्सकडे अशा कणवेनं बघायची, की तिला घरी जाऊन नवऱ्याकडे नीट निरखून बघावंसं वाटावं.

आमच्या सरांनाही तिनं सोडलं नाही. सर म्हणजे हाडांचे सर्जन. पनवेलच्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले, हळू बोलणारे, रागावले तर आणखी हळू बोलणारे.

"तुमचं लगीन कोनी गायलं, डाक्टर?"

"आमच्यात काझी निकाह लावतात, मावशी."

"लावतात ते बराबर. पन गायलं कोन?"

त्यांना कधी कोणी हे विचारलं नसावं. मग म्हणाले, "माझी फुफी, म्हणजे आत्या, गायली होती. मेंदीच्या दिवशी. आवाज काही खास नव्हता."

"आवाजाचं काय करायचं हाय? गायली ना? मंग चालंल. तुमी मना कापा."

तिला कापायची वेळ कशी आली, ते आता सांगते.

गावात एका मुलीचं लग्न होतं. मांडवाचा दिवस. मांडवावर आंब्याचे डहाळे टाकायचे असतात. हल्ली डेकोरेशनवाला प्लॅस्टिकची पानं घेऊन येतो, पण त्या मुलीनं हट्ट धरला होता की डहाळे खरे हवेत, आणि असा हट्ट धरणारी मुलगी मावशीला फार आवडली. पोरांवर तिचा भरवसा नव्हता. ती स्वतःच गच्चीवर गेली, लांब लोखंडी पाइपला विळा बांधला, डावा गुडघा गच्चीच्या लोखंडी कठड्याला रेटून उभी राहिली आणि शेजारच्या आंब्याची फांदी ओढायला लागली. पाइपचं वरचं टोक फांदीच्या पलीकडून गेलेल्या मोठ्या लाइनला लागलं.

वीज हातानं आत शिरली आणि गुडघ्यातून बाहेर पडली. विजेचं भाजणं फसवं असतं. बाहेर लहानसं भोक दिसतं आणि आत सगळं शिजलेलं असतं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. पाय मुंबईच्या हॉस्पिटलात वाचवला. मेलेलं मांस पुन्हा पुन्हा काढलं, पोटरीचा स्नायू वर वळवून उघड्या गुडघ्यावर पांघरला आणि त्यावर मांडीची कातडी लावली. तिकडच्या डॉक्टरांनी खरंच कमाल केली होती. पण आमच्याकडे आली तेव्हा त्या पांघरुणाखाली गुडघा बांधून ठेवणारं फारसं काही उरलं नव्हतं. सांध्याच्या आतल्या बाजूचा पट्टा आणि मधला एक बंध, आम्ही त्यांना लिगामेंट म्हणतो, ते जळून गेले होते. तिनं पायावर भार दिला की गुडघा बाजूला कलंडायचा.

सरांनी दोन रस्ते सांगितले. खोलीत ती होती, तिचा मुलगा होता आणि मी कोपऱ्यात. एक रस्ता म्हणजे आत सळई घालून सांधा कायमचा जाम करायचा. पाय सरळ आणि भरवशाचा होईल, चालता येईल, पण पुन्हा कधी वाकणार नाही. दुसरा म्हणजे उजव्या, चांगल्या पायाच्या मांडीमागचे टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, काढून डाव्या गुडघ्यात नवे बंध ओवायचे. पण ती जागा एकदा जळलेली, रक्तपुरवठा बेताचा. आत पू झाला तर पायच जाईल.

मुलगा लगेच म्हणाला, "जाम करा. आये, चालता आलं म्हंजे जालं ना?"

तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरांना विचारलं, "जाम केल्याव मांडी घालता येल?"

"नाही. खुर्चीवर बसायचं, पाय समोर सरळ ठेवून."

"खुर्चीव बसून धवला म्हनत नाय. देव खाली मांडवात बसतात, आनि मी त्यांच्या डोक्याव बसू? दुसऱ्या रस्त्यानं येल मांडी घालता?"

"मांडीचं वचन मी देत नाही, मावशी. बहुतेक नाहीच येणार. आणि पाय जाऊ शकतो, हे मी तुम्हाला तुमच्या मुलासमोर सांगतोय."

"बहुतेक बोललात. 'नाय' नाय बोललात."

मुलगा उठून बाहेर गेला. सरांनी तिचा पाय पुन्हा एकदा तपासला. मग त्यांनी ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. मला तेव्हा वाटलं की हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि खरं सांगायचं तर आजही थोडं तसंच वाटतं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पू झाला नाही. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिली चौकशी केली ती उजव्या पायाची. आपल्या दोन पायांना ती जावा समजायची. उजवी थोरली, डावी धाकटी. आता थोरलीनं आपल्या अंगातली दोरी काढून धाकटीला दिली म्हटल्यावर थोरलीचा मान वाढला. तेल लावायचं तर आधी थोरलीला. पाय पुसायचे तर आधी थोरलीचे. एका मंगळवारी मी चादर बाजूला केली तर उजव्या गुडघ्यावर हळदकुंकू!

"मावशी, हे काय?"

"मान केला तिचा. कोन देतं गो आजकाल? जावेला कोनी चमचा देत नाय."

धाकटीचं मात्र तिच्याकडे कौतुक नव्हतं. धाकटी आळशी, धाकटी लाडावलेली, धाकटीला सासरी कसं राहायचं ते कळत नाही. मी पाय वाकवताना ती डाव्या गुडघ्याला अशी काही बोलायची, की शेजारच्या टेबलावरचे स्पॉन्डिलायटिसवाले काका मान हलवून हसायचे आणि मग कळवळून ओरडायचे.

तिची स्वप्नं मला अजून आठवतात. माझी स्वतःची मी विसरते, तिची विसरत नाही. एकदा ती भरतीच्या पाण्यावर मांडी घालून बसली होती, बुडत नव्हती, आणि मोरा बंदराची लाँच तिला वळसा घालून गेली. लाँचमधली माणसं नमस्कार करत होती. एकदा तिचा गुडघा म्हणजे कोणाच्या तरी घराचं दार होतं, आतून लहान मुलांचे आवाज येत होते आणि तिला बिजागरीला तेल घालायचं होतं, पण तेल घालायला उठावं तर दार बंद होईल. सगळ्यांत मला आवडायचं ते कर्नाळ्याचं. आमच्या खिडकीतून हवा स्वच्छ असली की कर्नाळ्याचा सुळका दिसतो, अंगठा वर केल्यासारखा. तर तो सुळका एका दुपारी कंटाळून खाली बसला. डोंगर आहे तो, किती दिवस उभा राहणार? बसला आणि म्हणाला, मी बसलो, आता तू पण बस. पाखरं उडाली, हायवेवरच्या गाड्या थांबल्या. ती बसली.

"आणि मग?"

"मंग काय? दोगं बसलो. बोलायला काय नव्हतं. बरं वाटत व्हतं."

पुढे पुढे मलाही स्वप्नं पडायला लागली. माझ्या स्वप्नात कोनाची पट्टी असायची आणि ती उघडता उघडायची नाही. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती फार खूश झाली. म्हणाली, "तुजी वाजंत्री बेसूर हाय, पन निघाली."

ती आता नाही. गेली तीही झोपेत. मला हे कळलं तेव्हा मी खूप रडले, आणि थोड्या वेळानं मनात आलं, की त्या वेळी ती कुठे बसली होती कोण जाणे.

पण गाणं म्हणाल तर हॉस्पिटलात तिनं एक ओळही गायली नाही. पाय वाकवताना पेशंटनं काही गुणगुणलं की स्नायू सैल पडतात, हे आम्हाला शिकवलेलं असतं. मी कितीदा म्हटलं, "मावशी, म्हणा ना एखादा धवला." तिनं कान धरले. मांडवाशिवाय धवला तोंडात आणायचा नाही. देव खरोखर निघून येतात, येऊन बघतात तर लग्न नाही, नुसत्या सलाइनच्या बाटल्या. मग ते रागावतात. "तुमच्या डाक्टरला निस्तरायला लागंल," ती म्हणायची.

आणि देव असे बोलावल्याशिवाय येत नाहीत, म्हणूनच ती त्या मुलीला अजून नवरी म्हणायची.

ती मुलगी, जिच्या मांडवासाठी डहाळे काढताना हे झालं, तिचं लग्न ठरल्या मुहूर्ताला लागलं होतं. पुढे ढकललं असतं तर लोकांनी पोरीलाच अपशकुनी म्हटलं असतं, म्हणून गावातल्या मोठ्यांनी ते होऊ दिलं. धवल्यांच्या जागी डीजेवाल्यानं मोबाइलवरून कसलंतरी रेकॉर्डिंग लावलं. मावशीला मुंबईच्या वॉर्डात हे कळलं आणि तिनं निकाल देऊन टाकला की लग्न लागलेलं नाही. मुलगी नवीन पनवेलमध्येच नवऱ्याबरोबर फ्लॅटमध्ये राहायची. तिला मुलगी झाली, मुलगी रांगायला लागली, तरी मावशीच्या लेखी ती बिनलग्नाची. दर आठवड्याला ती डबा घेऊन भेटायला यायची आणि मावशी आनंदानं हाक मारायची, "आयली गो माजी नवरी! पोरीला काय खायला दिलंस?" आजूबाजूचे लोक चपापून बघायचे.

"गुरघा वाकू दे," मावशी तिला सांगायची. "मांडव घालू. तुजं लगीन पुरं करीन मी. तवर नीट ऱ्हा."

नवरी हसायची. पण एकदा बाहेर पॅसेजमध्ये तिनं मला गाठलं. पोर कडेवर होतं, ते माझी ओढणी ओढत होतं.

"मॅडम, वाकेल ना त्यांचा पाय?"

"वाकतोय. मांडी घालण्याइतका नाही सांगता येत."

"खऱ्या डहाळ्यांचा हट्ट मी केला होता," ती म्हणाली. "मला त्या एकदासुद्धा काही बोलल्या नाहीत. नवरी, नवरी करतात. लोकांना गंमत वाटते. मला रात्री झोप लागत नाही. मला पण वाटतं की माझं लग्न झालेलंच नाही, त्या दिवशी सगळं तिथेच थांबलंय. त्या गायल्या ना, तर सुटेल."

तेव्हापासून तो गुडघा माझ्यासाठी नुसता गुडघा राहिला नाही. मी हट्टाला पेटले. खुर्चीत बसता येईल इतका वाकला, त्याच्याही थोडा पुढे गेला. सर म्हणाले, "शाबास." मावशी म्हणाली, "वाजंत्री ऐकू येतात का?"

आणि मग मावशीनं घोटाळा केला.

मिठागरवाल्या जुन्या घरांत एक रीत होती. कंबर धरली, पाय आखडला, की उन्हात तापलेल्या मिठागराच्या खाऱ्या चिखलात पाय पुरून बसायचं. सगळी मिठागरं गेली तरी गावाच्या कडेला एक तुकडा उरला होता. मे महिन्याच्या दुपारी ती सुनेला घेऊन रिक्षानं तिथे गेली, ब्रेस काढला आणि डावा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत चिखलात पुरून बसून राहिली. अंगावर लावलेल्या कातडीला ऊन-गार कळत नाही. मीठ झोंबलेलं कळत नाही. तिला छान वाटत होतं म्हणे. सून दोनदा चला म्हणाली, तर तिलाही बसवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिनं स्वप्न सांगितलं नाही. मी ब्रेस काढला. कातडी फोडांनी भरली होती आणि गुडघ्याच्या वळणावर चिरली होती, अगदी नव्या दोरीच्या वर.

"अक्कल गहाण टाकली होती का, मावशी?" मी ओरडले. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला हे?"

"सपनात तितंच बसले व्हते गो," ती म्हणाली. "म्हनून वाटलं."

सर आले. ते इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. "मावशी, या कातडीला कळत नाही. तिच्या वाटचं आता तुम्हालाच कळून घ्यावं लागेल." त्यांनी स्वतः जखम धुतली, स्वतः पट्टी केली. आतली दोरी वाचली होती. पण जखम भरेपर्यंत पाय सरळ ठेवून ब्रेसची बिजागरी बंद करायला लागली. गुडघा काही आठवडे हललाच नाही, आणि एवढ्या अवधीत आतले व्रण घट्ट झाले. पुन्हा सुरुवात केली ती होतो त्याच्याही मागून. रोज घाम गाळून आम्ही दोघी कशाबशा खुर्चीपर्यंत पोचलो आणि तिथे तो थांबला. मी सगळं करून बघितलं. सरांनी भूल देऊनही वाकवून बघितला. त्याच्या पुढे गेलं तर नवे बंध तुटतील, असं त्यांनी सांगितलं आणि विषय संपवला.

मावशी काठी टेकत छान चालायला लागली होती. बाजारात जायची, माशांच्या भावावरून भांडायची. कोणालाही विचारलं असतं तर ऑपरेशन यशस्वीच होतं. तिनं मात्र कुठल्याच लग्नाचं बोलावणं घेतलं नाही. लोकांनी खुर्चीवर बसून गा म्हटलं, पलंगावर बसून गा म्हटलं. ती म्हणायची, "वाकंल मंग बघू." तिची स्वप्नं चालूच होती, पण आता ती सांगताना माझ्याकडे बघायची नाही.

अशात नवरीच्या नवऱ्याची बदली गुजरातला झाली. निघायच्या आदल्या रविवारी नवरी स्वतः मावशीच्या घरी गेली आणि काय बोलली कोण जाणे, पण मावशीच्या सुनेचा मला फोन आला, "मॅडम, आये तुमाला बोलावते. नवरीच्या घरी. तिना खाली बसवायला कोनीतरी जानकार पायजे."

मी गेले. फ्लॅटमध्ये सामान बांधून ठेवलेलं, भिंतींवर खिळे तेवढे उरलेले. हॉलच्या मध्ये नवरीच्या नवऱ्यानं चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या उभ्या करून त्यांना काठ्या बांधल्या होत्या आणि वर एक हिरवी साडी ताणली होती. साडीवर आंब्याचे डहाळे. ते बाजारातून विकत आणले होते. झाडाला कोणीही हात लावायचा नाही, असं नवरीनं घरात बजावलं होतं. मांडवाखाली पाटांवर ती दोघं बसली. ती लग्नातल्या साडीत, तो घरच्या झब्ब्यात, मांडीवर पोरगी. नवरीच्या सासूबाई सोफ्याच्या कडेला अवघडून बसल्या होत्या. त्यांना हे सगळं काय चाललंय ते बहुतेक कळत नव्हतं, पण त्यांनी पदर डोक्यावर घेतला होता.

मी आणि सुनेनं मावशीला दोन्हीकडून धरून जमिनीवर बसवलं. उजवा पाय तिनं मांडी घातल्यासारखा दुमडून घेतला. डावा समोर लांब पसरला, आणि तळवा सरळ नवरा-नवरीकडे.

"असं नाय चालनार," ती म्हणाली. "मांडवात देव बसनार. त्यांना पाय दाखवू?"

आम्ही तिला फिरवलं. तिकडे देव्हारा होता. पुन्हा फिरवलं, तर सासूबाई. सासूबाई म्हणाल्या, "असू द्या हो," पण ते तिला पटणारं नव्हतं. पुन्हा फिरवलं तर स्वयंपाकघर, म्हणजे चूल. दाराकडे पाय करावा तर देव दारातूनच येणार. एवढ्याशा हॉलमध्ये तो पाय ठेवायला एकही दिशा नव्हती. मावशीनं तोंड मिटून घेतलं. नवरी खाली मान घालून बसली होती. पोरगी मधूनच किंचाळली. मला वाटलं, आता संपलं. मावशी उठव म्हणेल, आणि नवरी गुजरातला जाईल, आणि दोघी तशाच राहतील.

मग मी जाऊन त्या पायासमोर बसले. रोज सकाळी करायचे तेच केलं. टाच उचलली आणि पाय माझ्या मांडीवर घेतला, एक हात तळव्यावर ठेवला, एक गुडघ्याखाली.

"आता तो कोणाकडेच नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे आहे. आणि माझ्याकडे रोजच असतो."

मावशीनं माझ्याकडे बघितलं, पायाकडे बघितलं, वर साडीतून खाली लोंबणाऱ्या डहाळ्याकडे बघितलं. मग डोळे मिटले.

तिचा आवाज गोड नव्हता. जाड होता, थोडा नाकातला, आणि सुरुवातीला इतका खाली लागला की ती बोलतेय की गातेय ते समजेना. मग तो सावकाश वर आला. गावदेवीला बोलावलं, वेशीवरच्याला बोलावलं, खाडीच्या पलीकडच्याला, डोंगरावरच्याला. या, हळद भिजवलीय, या, पाणी तापलंय. एकेकाचं नाव ती अशा सलगीनं घ्यायची की जणू तो जिन्यात चप्पल काढतोय. दुपारचं ऊन साडीतून हिरवं होऊन खाली येत होतं आणि त्यात ती सगळी माणसं पाण्याच्या तळाशी बसल्यासारखी दिसत होती. माझ्या हाताखाली तो गुडघा होता. प्रत्येक ओळ संपताना तिचा दम संपत यायचा, तेव्हा बाजूची ती ओवलेली दोरी ताणली जायची आणि पुढच्या ओळीला सैल पडायची. इतके महिने मी तिचा नुसता कोन मोजला होता. ती दोरी आत अशी जिवंत आहे हे मला त्या दिवशी समजलं आणि माझे डोळे भरून आले. हात गुंतलेले होते, त्यामुळे पुसताही येईनात.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. शेवटचं नाव घेऊन ती थांबली. पोरगी बापाच्या मांडीवर झोपून गेली होती.

नवरी पाटावरून उठली आणि मावशीच्या शेजारी येऊन बसली. तिनं तिचा तो तीन बोटांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मावशी," ती म्हणाली, "त्या दिवशी लई दुखलं होतं का?"

तिचा नवरा चमकून तिच्याकडे बघायला लागला. मावशीनं श्वास सोडला.

"दुखलं गो," ती म्हणाली. "लई दुखलं."

नवरीनं तिच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. सासूबाई घाबरून उठल्या, तर मावशीनं त्यांना हातानंच बसवलं.

"रडू द्या तिला," ती म्हणाली. "लगनात नवरी रडतेच."

पाय अजून माझ्या मांडीवर होता. सोड असं कोणी म्हणालं नाही, आणि मीही सोडला नाही.